दोराचं घरातलं टोक

बेतूलच्या शाळेत अठ्ठावीस वर्षं
मी फळ्यावर लिहीत आले: टू द बिटर एंड,
म्हणजे कडू शेवटापर्यंत.
उदाहरणाला कारलं.
पोरं तोंडं वाकडी करायची,
अर्थ पोचला असं मी धरून चालायचे.

मग एका नोव्हेंबरात इनासियु फुर्ताद आला
हयातीचा दाखला भरून घ्यायला.
एकवीस वर्षं तारवटी, शेवटी बोसन,
आता साळ नदीच्या मुखाशी फाटकी जाळी शिवत बसतो
आणि चष्मा रोज कुठेतरी विसरतो.
तपासायच्या वह्यांतली एक त्यानं उचलली,
हात लांब करून वाचली, हसला:
"बाय, हें कडू न्हय."

डेकवर दोन बुटके खांब असतात, म्हणाला. बिट.
नांगराचा दोर त्यांना वेढे देऊन बांधलेला.
नांगर सोडला की दोर धावतो,
खांबातून धूर निघेल इतका,
आणि खांबाजवळचा अखेरचा तुकडा,
जो एरवी पाणी बघत नाही, कोराच राहतो,
तो बिटर.
तो हलला की समजायचं,
इथलं पाणी आपल्या दोराहून खोल आहे.

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही,
एवढंच मला दोराविषयी ठाऊक होतं.

रात्री जाडा शब्दकोश काढला.
त्यात हे सगळं होतं, पण पुढे 'बहुधा' लावून.
कोशकार किनाऱ्यावर राहतात.

दाखल्यात एक रकाना होता: पत्नी हयात आहे काय?
मी पेन थांबवलं.
कोन्सेसांव जूनमध्ये गेली, मला माहीत होतं;
मडगावच्या हॉस्पिटलात हा चाळीस रात्री
बाकावर झोपला, पाय बाहेर लोंबकळत.
"ना म्हूण बरय," तो म्हणाला.
मग जाळ्याचा धागा बोटाला गुंडाळत,
माझ्याकडे न बघता:
"घरचें तोंक तिच्या हातांत आसलें."

दुसऱ्या दिवशी वर्गात मी 'कडू' पुसलं.
खडू हातात, आणि तिथे काय लिहावं ते सुचेना.
मागच्या बाकावरून प्रेसिला ओरडली,
बाई, आम्ही कारलं लिहून घेतलंय.
पेनानं.

असू दे, म्हटलं.
खाली दोन ओळी मोकळ्या सोडा.