दोनशे बारावा अंक

डुलुथमध्ये बुधवारी नवे अंक येतात.
सरोवर गोठलेलं, दुकानातला हीटर खोकतोय,
आणि मर्लच्या काउंटरवर कोपरं टेकून
तिघं जण ग्रे हेरॉनच्या मरणांचा हिशेब लावताहेत.

"चार वेळा मेला."
"तीनदा. बोगद्यातलं मरण स्वप्नात होतं."
"मग ते धरायचंच नाही."
"दोनशे बारा तेवढा खरा. पुढचं सगळं क्षेपक.
नवा लेखक, नवं कंत्राट, की पुरलेला माणूस उभा."
हे थॅडियसचं. म्हणजे आर्विडचं.
थॅडियस हल्ली आर्विडची वाक्यं बोलतो,
बोलायला आर्विड नाही म्हणून.

फळीवर त्याचा खोका अजून भरतोय,
ऑक्टोबरपासूनचे अंक, प्लास्टिकमध्ये.
मर्ल म्हणतो, सवय.

दार ढकलून सिग्ने आली, बुटांवरचा बर्फ झटकत.
"आर्विडचं खातं मिटवायचंय."
पाकीट उघडलं. परत मिटलं.
"तीस वर्षं हा बगळा माझ्या पलंगाखाली राहिलाय.
वाचायला सुरुवात कुठून करू?"

मग काय!
पहिल्यापासून. छे, चाळीसपासून,
चित्रं भिकार आहेत पण गोष्ट बघा,
आणि कुणीतरी, हळूच :
दोनशे बारा. तिथंच थांबा.

ती उभ्यानंच वाचत राहिली, हातमोजा दातांत धरून.
नदी. एक अख्खं कोरं पान.
काठावर ओली केप.
तिघंही उगाच जुने अंक चाळू लागले.

"बरं," हातमोजा काढून सिग्ने म्हणाली,
"दोनशे तेरा कुठंय?"

थॅडियसनंच काढून दिला.