तिसरी पाळी

ज्वारी शिजायला लागली की मी पाठ करून उभा राहतो
आणि वासावरनं सांगतो: अजून पाच मिनिटं.
राजेश्वरी मेरगू थर्मामीटर काढते, बघते,
वहीत लिहिते. पाच मिनिटं.
पुण्याला शिकून आलेली पोरगी,
विचारते, काका, कसं कळतं?

एकतीस वर्षं सायझिंगमध्ये खळ शिजवली, पोरी.
खळ करपली की सुताला कळायचं,
सुताचं जॉबरला,
जॉबरचं साऱ्या खात्याला.
माझं नाक तिथं पगारावर होतं.

अक्कलकोट रोडची ही शेड तिच्या आजोबांची.
माग भंगारात गेले, किलोच्या भावानं.
टाक्या बसवताना कैचीतून
अजून कापूस गळत होता, चार दिवस,
आणि परवान्याचा साहेब शिंकत शिंकत सही करून गेला.

नळाला पाणी पाचव्या दिवशी,
म्हणून आमची बिअरही पाचव्या दिवशीच शिजते.
बाकीच्यांचं कॅलेंडर भिंतीवर असतं,
आमचं महापालिकेत.

महिन्याच्या पहिल्या शनिवारी नवीन काहीतरी.
मार्चात चिंचेची.
एप्रिलात शेंगादाण्याची, ती फसली,
तेल वर आलं, फेस मान टाकून बसला.
राजेश्वरीनं पाटीवर लिहिलं: फसलेली, निम्म्या दरात.
सगळ्यात आधी तीच संपली.

मे महिन्यात मालदांडीची. नाव मी दिलं.
उन्हाळ्यात बारा ते सातच तेवढं
माणसासारखं काम व्हायचं, म्हणून.
जुन्या खात्यातल्या मंडळींना निरोप गेले:
पहिला ग्लास आमच्याकडनं.

बालाप्पा वडनाल आला, इस्त्रीचा शर्ट घालून.
इरण्णा हलकुडे पीत नाही,
तो घरची शेंगाचटणी डब्यात घेऊन आला
आणि प्रत्येकाला, तिखट लागंल बघा, म्हणत राहिला.
वायंडिंगची अंबुबाई ग्लास उजेडाला धरून म्हणाली,
खळ पातळ झालीय.
मग निम्मा प्यायली. मग उरलेला.

सत्तेम्मा, माझी बायको, उंबऱ्याशीच थांबली.
तिचा धाकटा भाऊ हातभट्टीनं गेला,
विडीच्या पानांच्या गठ्ठ्यावर डोकं टेकवून.
तिनं तेलुगूत विचारलं, पण सगळ्या शेडला कळेल असं:
इथनं कोण घरी कसा जातो,
ते लिहितेस का गं तुझ्या वहीत?

पंखा तेवढा आवाज करत होता.
राजेश्वरीनं वही चाळली, खरंच चाळली,
जणू कुठंतरी असेल.
नाही, म्हणाली. नाही लिहिलं.

मग खुर्ची दाराशी गेली.
शेडच्या कोपऱ्यात लाल सुताचा एक बॉबिन पडलेला होता,
सत्तेम्मानं तो मांडीवर घेतला.
ग्लासाला एक धागा, मनगटावर.
दोन धागे झाले की घर.
पंचवीसची विडी कट्टी ती न बघता बांधते,
तिच्या मोजणीशी कोण भांडणार?
बालाप्पा भांडला.
ती म्हणाली, का बे?
एवढंच.

बारा वाजले. भोंगा नाही.
गिरणी गेली तसा तोही गेला.
तर बालाप्पा रस्त्यावर जाऊन उभा राहिला,
दोन धाग्यांचे हात तोंडाशी नेले
आणि काढला, अगदी तसाच, लांब, शेवटाला फाटलेला.
कुत्री उठली.
समोरच्या माडीवर कुणीतरी दिवा लावला,
एक म्हातारा गॅलरीत आला, बनियन सरळ करत,
आणि खाली बघत राहिला.

मी टाकी धुतली. चोथा पाटीत भरला,
शेजारच्या शेळ्यांना जातो तो, फुकट.
सत्तेम्मा माझं मनगट उलटसुलट करून बघत होती.
चाखली नाहीस?
म्हटलं, मला वास पुरतो.
तिनं बॉबिनचा धागा दातानं तोडला,
माझ्या मनगटाला बांधला, जरा घट्टच,
म्हणाली, एकच हं.
उद्या नळ आहे. लवकर उठायचंय.