ळ

जाहिरात अशी होती : हिंदी पुस्तकं, तेवीस नग,
पाच रियाल, आजच न्या.
खाली फोटो. ट्यूबलाइटच्या उजेडात काढलेला,
हललेला,
पुस्तकं भिंतीशी उभी, काही डोक्यावर,
शेजारी एक टेबलफॅन, तोही विकाऊ.

मी दोन बोटांनी फोटो ताणत गेलो.
अक्षरं फुटली, त्यांचे चौकोन झाले.
मोबाइल फिरवला तर फोटोही फिरला,
मग मान वाकडी केली.
एका पिवळट कण्यावर, वाटलं, इंग्रजी आठ आहे.
आठ नव्हता.
ळ होता.
हिंदीत तो कुठला सापडायला.
तो आपल्या केळीत, कंटाळ्यात, वेळेवर न आलेल्या पगारात,
आणि माझ्या आडनावात : ढवळे.
इथे कंपनीच्या वहीत मी नऊ वर्षं धवाले आहे.
हाक मारली की ओ देतो.

विकणारी मारिसेल, सोहारच्या इस्पितळात रात्रपाळीला.
म्हणाली, फ्लॅट घेतला तेव्हा माळ्यावर होती,
कुणाची ते माहीत नाही.
वॉचमन म्हणाला, एक मॅडम होत्या, फायनल एक्झिटवर गेल्या.
विमानात तीस किलो सोडतात.
त्यात माणूस आधी काय भरेल.
मी तीन रियाल म्हणालो.
ती चार म्हणाली, आणि कपाटाचं दार नीट करून द्या.
दिलं. पंखाही घेतला.

वाचली सगळी, दोनदा.
खोलीतला शाजी विचारायचा, एवढं काय आहे त्यात,
मी सांगायचो, पाऊस आहे, तंटे आहेत, एक बाई विहिरीवर बसलीय
चाळीस पानं झाली तरी उठत नाही.
पाककृतींच्या पुस्तकात अळूवडीवर हळदीचा अंगठा.
खरवडलेलं रिचार्ज कार्ड एकात, पान सत्तेचाळीस,
पुढचं पुस्तक करकरीत.
पहिल्या पानावरचं नाव मात्र ब्लेडनं काढलेलं
तेवीसच्या तेवीस पुस्तकांतून,
पट्टी धरून, घाई न करता.
आणि जाड निळ्या कादंबरीत, पान एकशे बारा,
समासात पेन्सिलनं एक ओळ.
काय, ते इथे लिहीत नाही.

यंदा माझंही नाव यादीत आलं.
गोदाम आता मशीन सांभाळणार.
मुलीसाठी टॅब, बायकोनं सांगितलेला मिक्सर,
साडूला ब्लँकेट, कारण गेल्या वेळी नेलं नव्हतं.
तीस किलो इथेच भरले.

मी फोटो दिवसा काढला, कणे सरळ लावून.
लिहिलं, भाषा मराठी.
किंमत लिहिताना बोट अडलं, चारच लिहिले.
दोन दिवस कुणी नाही.
मग बुरैमीहून एकानं विचारलं, फोटोतला पंखा देणार का.

तिसऱ्या रात्री एक अनोळखी नंबर, भारतातला.
सोहारच्या जाहिराती अजून बघते मी, अधूनमधून, असं काहीतरी आधी,
आणि मग :
निळ्या पुस्तकात एकशे बारावर लिहिलेलं आहे का अजून?

शाजी झोपला होता. मोबाइलच्या उजेडात
मी पान उघडून पाहिलं,
जसं काही ती ओळ उठून कुठे जाणार होती.
आहे, असं कळवलं.

टायपिंग सुरू झालं. थांबलं.
पुन्हा सुरू झालं.
एसी बंद होऊन परत चालू झाला तेवढा वेळ गेला.

विकण्याआधी खोडून टाकाल का?

खोडरबर नाही माझ्याकडे, मी लिहिलं.

स्टोअरकीपर माणूस.
कपाटात दोन डझन आहेत,
नोंद माझ्याच अक्षरातली.