ऋणकोशी नाते

ती दाखला मागायला आली तेव्हा लाइट गेलेली,
आणि मी पतसंस्थेच्या दारात खुर्ची ओढून
मागच्या महिन्याची बेरीज जुळवत होतो.

"पोलीस पाटलाची जागा निघाली ना जी.
फारम भरून रायली मी.
थकबाकी नसल्याचा कागद पायजे म्हन्ते."

दीपमाला नेवारे. दहावी पास, वय अडतीस.
बचतगटाच्या पेटीला तीन कुलपं,
तीन किल्ल्या तीन बायांकडे असाव्यात, असा नियम.
बाकी दोघींनीही आपापली किल्ली तिच्याच खुंटीला टांगलेली.
मिरची तोडायला तेलंगणात जाणारी माणसं
घरांच्या चाव्या तिच्याकडे टाकून जातात.
भांडण धुऱ्याचं असो की कोंबडीचं,
आधी तिच्या ओसरीवर येतं, मग सिंदेवाहीच्या ठाण्यात जातं.
बहुतेकदा मग जातच नाही.

मी रजिस्टर उघडलं.
खाते एकशे बारा.
ऋणको: हिरामण गुरनुले. कारण: छोटा हत्ती.
पहिला जामीनदार: मयत.
दुसऱ्या जागी तिची सही,
मोठी, गोल, ओळीबाहेर न जाणारी.

हिरामण गाडी विकून गेला.
कोणी म्हणतं करीमनगर, कोणी रायपूर.
बायको इथेच आहे त्याची, दोन पोरी घेऊन.
तिच्या दारात वसुलीला कोणी जात नाही.
दीपमालाने जाऊ दिलं नाही.

थकबाकी: एक्केचाळीस हजार तीनशे वीस.

जाहिरात माझ्यापुढे होती. अट क्रमांक नऊ:
उमेदवार ऋणको अथवा जामीनदार म्हणून थकीत नसावा.
ते 'अथवा' कोणीतरी विचार करून घातलं असणार.
देणं डोक्यावर असलं की माणूस
रात्री जाणाऱ्या रेतीच्या ट्रॅक्टरकडे पाठ करून झोपतो.
मी पाहिलेत असे. अट चूक नाही.

तरी म्हणालो, वहिनी, असं लिहितो,
'यांच्या स्वतःच्या नावे कर्ज नाही.'
खोटं नाही ते.

"अन् खरं हाय?"

अर्धं.

"मंग अर्ध्या कागदावर मोहोर पुरी मारशीन का बाप्पा?"

शाईची गादी सुकलेली. दोन थेंब पाणी टाकलं.
आहे तसं लिहिलं, आकड्यासकट.
तिने कागद फुंकर मारून वाळवला,
चार घड्या घातल्या,
आणि चहाचे पैसे माझ्याआधी दिले.

जागा मिलवाल्याच्या पुतण्याला मिळाली.
त्याच्या नावावर काहीच नाही:
घर आईचं, ट्रॅक्टर बायकोचा,
आणि पीककर्ज उचललंय ते गड्याच्या सातबाऱ्यावर.
त्याचा दाखलाही मीच दिला.
नवी गादी आली होती. मोहोर छान उमटली.

पौषात बोडीत प्रेत तरंगलं.
पाटलाचा फोन बंद.
पोरं कोणाकडे धावली, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.
पहाटे गाडी येईपर्यंत ती पाळीवर बसून होती,
अंगावर घोंगडी, हातात टॉर्च,
कुत्र्यांना हाडहाड करत.
पंचनाम्यावर सही पाटलाची आहे. कायद्याने बरोबर आहे.

माझ्या नावावर म्हणाल तर दमडी नाही.
बावीस वर्षांत कोणाला जामीन राहिलो नाही.
सख्ख्या साळ्यालाही म्हणालो,
नोकरीत चालत नाही रे.
चालतं.
उद्या मला कुठल्याही विश्वासाच्या जागेवर बसवा,
कागद सगळे तयार आहेत.

दर पाच तारखेला ती दीड हजार आणते.
नोटांना मोहफुलांचा वास असतो, कधी उकडलेल्या धानाचा.
मी मोजतो. पावती फाडतो.
ती दोनदा वाचते, मग कमरेच्या पिशवीत ठेवते.

जामीनपत्रात एक रकाना आहे, ऋणकोशी नाते.
लोक लिहितात भाऊ, जावई, आतेभाऊ.
एकशे बारा नंबरच्या फायलीत
त्याच गोल अक्षरात लिहिलंय,
शेजारी.