कर्मणी प्रयोग

मेहेर सिग्नलपाशी झेरॉक्सवाला विचारतो,
दोन्ही बाजू का?
दोन्ही, मी म्हणते.
राजपत्राचं पान, प्रतिज्ञापत्र, कलेक्टर ऑफिसचं ओळखपत्र,
आणि दहावीचं मार्कशीट, ज्यावरचं नाव
आई अजून फोनवर चुकून घेते
आणि मग खोकते.

अंबडला इंटरव्ह्यू.
व्हर्नियर हातात दिलं, म्हणाले, हा बुश मोजा.
पंचवीस पॉइंट शून्य दोन.
टॉलरन्समध्ये आहे, म्हटलं.
आधी कुठे होतात?
सातपूरला. तिथे सहा वर्षं मी...
आणि क्रियापदापाशी अडखळले.

आपल्या भाषेत
नुसतं आलं म्हणून चालत नाही,
आलो की आले ते दारातच सांगावं लागतं.
सातपूरची सहा वर्षं मी
केलं, मोजलं, लिहिलं, पाहिलं
असल्या शब्दांवर काढली.
नववीत बोरस्ते मॅडमनी शिकवलं होतं,
कर्मणी प्रयोगात क्रियापद कर्माकडे बघतं,
कर्त्याकडे नाही.
चार मार्कांचा प्रश्न होता तो.

सहा वर्षं काम केलं, सर.

ऑफर लेटर आलं. खाली बारीक अक्षरात,
नियुक्ती पडताळणीच्या अधीन.
फॉर्मवर रकाना: पूर्वीचे नाव, असल्यास.
त्यापुढे: बदलाचे कारण. दीड इंचाची रेघ.
हेल्पलाइनवरची मुलगी म्हणाली,
मॅडम, लग्न लिहा ना, सगळ्या तेच लिहितात.
मी बराच वेळ पेन धरून होते.
मग लिहिलं: दुरुस्ती.

पडताळणीवाला पवननगरला आला.
खाली आहेरकाकूंना विचारत होता, जिन्यात ऐकू येत होतं.
ते ना? वरच राहतात. भाडं वेळेवर.
आणि? पाणी जपून वापरतात.
काकूंनी अख्खं वाक्य
आदरार्थी बहुवचनात काढलं,
कुठेच पाय अडकू दिला नाही.

सातपूरच्या एचआरनं कळवलं,
हेमांगी खैरनार या नावाची नोंद नाही.
खोटं नव्हतं ते.
तीन आठवडे पोर्टलवर पिवळा ठिपका.
दुकानातली उधारी वाढली, मी रोज सकाळी
चहाआधी ठिपका बघायची.

मग एका संध्याकाळी भिकनमामांचा फोन. गेटवरचे.
पोरगं आलतं एक, तुझा फोटो घेऊन.
ही बाई इथं होती का, म्हणे.
म्हटलं, होती.
सेकंड शिफ्टला. गेज बिघडलं की हिलाच बोलवायचे.
मामा, तुम्ही मला कधी... असं तर...
अगं, बारा वर्षं गेटवर आहे मी,
कार्ड नंतर दिसतं.
बरं, तो सही मागत होता,
मी अंगठा देऊ का म्हटलं, हसला.
मग सहीच केली. माझी सही लई खराब.

होती.
भांडी घासताना दोनदा म्हणून पाहिलं.

ठिपका अजून पिवळाच आहे.
आज परत बोलावलंय, मूळ कागद घेऊन.
सिटीलिंकमध्ये खिडकीपाशी बसले, मांडीवर फाइल,
उंटवाडीच्या पुलावर गारठा आत येत होता.
कंडक्टर आला. कुठून बसलात?
पवननगरहून बसले.
तो म्हणाला, सुटे द्या.