चाळीस, ऐंशी

पंपाखालची चौकट
माझ्या स्क्रीनवर त्रेसष्ट हर्ट्झला डोलत होती.
मोटर फिरते अठ्ठेचाळीसला.
मध्ये पंधराचं अंतर,
म्हणजे निवांत झोप लागावी इतकं.
मी रिपोर्टवर सही केली,
महापेच्या पाचव्या मजल्यावर,
एसीच्या झोताखाली डबा निवत असताना.

तीन आठवड्यांनी रबाळ्याहून फोन.
चौकट थरथरतेय.
वर ठेवलेला चहाचा ग्लास
चालत चालत कडेपर्यंत जातो.

जोड कसे दिले होते, ते आधी सांगते.
पत्र्याला पत्रा भिडला तिथं
नोड एकच ठेवला, दोघांत मिळून.
एकजीव.
असं केलं की गणित लवकर सुटतं
आणि शुक्रवार होता.
बोल्टच्या भोकांत कोळी बसवले:
मधे एक बिंदू, काठाला चोवीस पाय,
सगळे ताठ.
काहीही झालं तरी भोक मग गोलच राहतं.
खऱ्या भोकाला अशी शिस्त नसते.
दुसरा एक कोळी असतो मऊ पायांचा,
भार वाटून देतो, स्वतः कुणाला धरून ठेवत नाही.
मोटरचं वजन त्याच्याकडे द्यायचं
हे मला माहीत होतं.
तेही ताठ कोळ्याच्याच गळ्यात घातलं.

खासनीस सर म्हणाले,
फाईल मिट आणि वेल्ड बघून ये.

रबाळ्याच्या शेडमध्ये हरिश्चंद्र मढवी
काच कपाळावर चढवून उकिडवे बसले होते.
"सलग कोन मारतं मॅडम? पत्रा वाकंल ना.
चालीस मारायचा, ऐंशी सोरायचा.
ह्यो बगा, तुमचेच कागदाव लिवलाय."

लिहिलं होतं.
बाणाच्या शेपटीशी, मुंगीएवढ्या अक्षरात.

मग त्यांनी खिशातून बसचं तिकीट काढलं,
घणसोलीहून आलेलं,
आणि सोडलेल्या ऐंशीत, दोन पत्र्यांच्या मधे सरकवलं.
आत गेलं.
भाड्याचा आकडाही दिसेना.
माझ्या मॉडेलात त्या जागी
लोखंडात लोखंड मुरलेलं होतं.

कोळ्यांचं सांगितलं तर हसले.
"आमचे गावान कोली म्हंजे जाल्यावाला."
जाळं माझ्याकडेही आहे, म्हटलं,
साडेचार लाख चौकोनांचं.
"मंग मासली कशी सुटली?"

परत येऊन नोड सोडवत बसले.
एकेक टाका वेगळा धरला, चाळीस मिलिमीटरचा.
मधलं रिकामं ते रिकामं ठेवलं.
बोल्ट दांडीसारखे घातले, आवळून,
आणि वॉशरभोवती, त्याच्या दुप्पट गोलापुरतेच
पत्रे एकमेकांना बांधले.
त्यापलीकडे ज्याचा तो.
हौसेनं घर्षणासकट खरा स्पर्शही देऊन पाहिला,
घासणं, सुटणं, पुन्हा टेकणं, सगळं.
मशीन रात्रभर घुटमळलं
आणि सकाळी म्हणालं, जमत नाही.
सर म्हणाले, सगळंच खरं घालशील
तर उत्तर कधी देशील?
काय सोडलंस ते मात्र लिही.

एकोणपन्नास.
मोटरच्या अगदी मानेवर.
शेडमध्ये हातोडी मारून मोजलं तर सत्तेचाळीस.
दोन हर्ट्झ कुठं गेले, सापडले नाहीत.
ग्राउटखाली असतील,
किंवा मी अजून एखाद्या जागी
बघितल्यावाचून चिकटवलेलं असेल.

दोन आडव्या पट्ट्या वाढवल्या. ग्लास आता जागचा हलत नाही.

रिपोर्टच्या शेवटी एक तक्ता घालते हल्ली:
जोड कुठला, कसा धरला,
आणि तिसऱ्या रकान्यात, कुणी पाहिला.
खासनीस सरांनी पहिल्यांदा विचारलं,
हे ह. ना. मढवी कोण, कन्सल्टंट का?
हो म्हटलं.