आठवं कारण

एक्केचाळीस वह्या.
एक्केचाळीस वेळा तेच पहिलं वाक्य:
‘खाडी ही निसर्गाने शहराला दिलेली अमूल्य देणगी आहे.’
लाल पेन उघडलं. झाकलं.
खाली ट्रॉम्बे जेट्टीची बस वळली
आणि स्टाफरूमची काच नेहमीसारखी थरथरली.

चूक शोधायची तर एकही नव्हती.
वेलांट्या जागच्या जागी, अनुस्वार शिस्तीत.
जूनमध्ये ‘विद्यार्थी’ हा शब्द
तीन तऱ्हांनी लिहिणाऱ्या सुफियानच्या वहीत
‘जैवविविधता’, एका दमात, बिनचूक.
आनंद व्हायला हवा होता मला.

बेचाळिसावी वही हिराक्षी वैतीची.
अर्धं पान. कोपऱ्यात तेलाचा डाग.
‘खाडीला वास येतो.
का येतो ते मी आत्याच्या फोनला विचारलं.
त्याने सात कारणं दिली. सगळी पटली.
मग आत्याला वाचून दाखवली.
ती निवट्या साफ करत होती.
म्हणाली, सात? आन आठवा कंचा?
पण सांगितलं नाही.
म्हणून निबंध अपूर्ण आहे. माफ करावे.’

दुसऱ्या दिवशी फळ्यावर मी सातही कारणं लिहिली,
एकाखाली एक, सुवाच्य.
म्हटलं, आठवं शोधा. फोन दप्तरात.
पंखा फिरत राहिला.
कुणी खिडकीकडे बघितलं, कुणी माझ्याकडे,
उत्तर नेहमी जिथून यायचं तिथे.
चार मिनिटं. वर्गात चार मिनिटं फार मोठी असतात,
इन्स्पेक्शनच्या दिवशी तर मी ती होऊच दिली नसती.

मग मागून सेल्वी:
सर, भांगाला वास जास्त येतो, उधाणाला कमी.
हे यात कुठाय?
मग कुणी म्हणालं, आमच्या गल्लीत रविवारी येत नाही.
रविवारीच का नाही?
रविवारी काय बंद असतं?
आता त्यांना माझी गरज नव्हती,
ते एकमेकांची वाक्यं तोडत होते,
अर्धवट, चुकीची, हिंदीत घुसलेली मराठी,
आणि एकही वेलांटी धड नसावी अशी.

सुफियान उभा राहिला, बसला, परत उभा राहिला.
भंगारवाले रात्री ड्रम धुतात, म्हणाला.
केमिकलचे. ते पाणी नाल्यात सोडतात.
कोण भंगारवाले?
तो बेंचवरची खपली नखाने काढत राहिला.
‘मामू पण आहे त्यात. ते लिहायचं का, सर?’

वीस वर्षं शिकवतोय मी.
या प्रश्नाचं उत्तर कुठल्याच गाईडमध्ये नाही,
माझ्याही टिपणांत नाही.
मी म्हणालो, मला माहीत नाही.
वर्ग इतका शांत झाला
की माझंच मला ऐकू आलं.

तेवढ्यात हिराक्षी. हात वर न करताच:
‘सर, हा निबंधाचा विषय तुम्ही काढला?’

रात्रीचे साडेअकरा. बिछान्यात पडल्या पडल्या
अंगठ्याने टाइप केलेलं आठवलं:
इयत्ता नववी, एक प्रश्न, वीस गुण,
उच्च विचारकौशल्यं तपासणारा.
तीन सेकंदांत आला होता.
एक शब्दही न बदलता उतरवला मी.

नाही, म्हणालो. मीही विचारूनच घेतला.

कुणी हसलं नाही. मला वाटलं होतं हसतील.
सेल्वीने फक्त मान हलवली,
गणित जुळल्यावर हलवते तशी.
घंटा झाली.

वॉर्ड ऑफिसच्या तक्त्यात एक रकाना आहे,
विश्लेषण, मूल्यमापन, नवनिर्मिती: टक्के भरा.
तो तसाच ठेवलाय.
एक्केचाळीस वह्यांवर वीसपैकी अठरा घातलेत,
ते कोणाला पोचवायचे ते ठरायचंय.
हिराक्षीच्या अर्ध्या पानाखाली लिहिलं,
‘आत्याला पुन्हा विचार.’
ते खोडलं.
लिहिलं, ‘येत्या भांगाला मलाही घेऊन चल.’